बोंबलाखालची पाथरी

"ए, ए घाटीण! ऊठ! ऊठ तिथनं! दिवसाढवळ्या बोंबलावर हात मारतंस?"

हा आवाज जमनाबायचा. तारापूरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची जी वाडी आहे, तिथे हा आवाज गावाच्या मालमत्तेत मोजला जातो. धुक्यात होड्या वाट चुकल्या तर जमनाबायला पाण्याच्या कडेला उभं करतात आणि तिच्या सुनेविषयी एखादा साधा प्रश्न विचारतात. होड्या बरोबर घरी येतात. त्या दिवशी ती ओरडली तेव्हा उमरोळीला सिग्नलसाठी अडकलेली गाडी सिग्नल न बघताच सुटली, असं मी लोकांना सांगत असतो. आजवर कुणी ते खोटं ठरवलेलं नाही.

आणि ज्या बाईवर ती ओरडत होती, ती माझी आत्या.

जमनाबायच्या दारासमोर वाळूत बांबू रोवून त्यांवर आडव्या दांड्या बांधलेल्या होत्या. दांड्यांवर ताजे बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले होते. त्यांच्या बरोब्बर खाली आत्या उकिडवी बसली होती. समुद्राकडे पाठ, मान वाळूत, आणि पदराच्या ओटीत काहीतरी भराभर पडतंय. लांबून बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? मी स्कूटर लावून, चपला हातात घेऊन वाळूतून पळत सुटलो. वाळूत पळणारा माणूस जागच्या जागीच असतो, त्यामुळे पुढचं सगळं मला लांबूनच ऐकावं लागलं.

आत्या उठली नाही. नुसती मान वर केली. "वराडतीस कशापायी? तुजा मासा कुणाला हवाय? माळकरी हाय मी."

"मंग ओटीत काय भरलंस?"

"भाजी."

"भाजी?" जमनाबायने कावळे हाकायची काठी वाळूत रोवली आणि पुढे वाकून बघितलं. "ही? ही आमच्या बकऱ्या खातान!"

"मग तुज्या बकऱ्यांस्नी तुज्यापेक्षा जास्त कळतंय," आत्या म्हणाली आणि पुन्हा खुडायला लागली.

ती भाजी म्हणजे पाथरी.

यंदाही ऑक्टोबर तापला आहे. माकुणसारकडची भातं पिवळी पडायला लागली आहेत, दसऱ्याचा झेंडू पालघरच्या बाजारात पोत्यांनी ओतलाय, आणि तारापूरच्या वाळूवर पाथरी फुलली आहे. फुलली आहे म्हणजे तुम्ही गेलात तर तुम्हाला दिसेलच असं नाही. एवढीशी, शर्टाच्या बटणाएवढी पिवळी फुलं. पानं वाळूला अशी चिकटून पसरलेली, की कुणीतरी ती वरून पाय देऊन बसवली असावीत. कडा करवतीसारख्या कातरलेल्या. पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. सकाळी फुलं उघडी, उन्हं चढली की दुकान बंद. त्या बाबतीत बाई अगदी पुणेरी आहे.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही सगळी हिची भावकी. श्रीमंत भावकी. त्यांना हारात जागा, देवळात जागा, लग्नाच्या मांडवात जागा. आणि हिला जागा कुठे, तर जिथे दुसरं काही उगवायला तयार होत नाही तिथे. पण कुळाची रीत हिनेही सोडलेली नाही. हिचं एक फूल म्हणजे एक फूल नसतंच. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक स्वतंत्र फूल, प्रत्येकाच्या टोकाला बारीक दाते, आणि सगळी मिळून एका देठावर चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी राहतात. हे मला एका कॉलेजच्या मुलीने दाखवलं. ती वाळूवर पालथी पडून मोबाईलवर पाथरीचे फोटो काढत होती. त्या उपकाराची फेड म्हणून मी तिला सांगितलं, की हे पान खाल्ल्याने टकलावर केस येतात. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. चांगल्या घरातली होती.

मी आत्याला आत्या म्हणत नाही, आत्ती म्हणतो. आमचं गाव साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. तिकडे पावसाचा थेंब पडला तर दोन गावांत भांडण लागतं, की तो कुणाच्या हद्दीत पडला. आत्तीच्या घरी राहून मी शाळा शिकलो. "शिकला कुटं? नुस्ता जेवला," असं ती माझ्या बायकोला, मंदाला, माझ्यासमोर सांगते. ते खरं आहे. तिच्या हातची भाकरी इतकी पातळ असायची, की खालच्या वर्तमानपत्रातली बातमी वरून वाचता यायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात तात्या गेले. तात्या म्हणजे आत्तीचे मालक. मूलबाळ नाही, रानात एक खोपीवजा घर, शेजार लांब. मी बोईसरला कारखान्यात नोकरीला, सुट्टी काढून गेलो आणि तिला घेऊन आलो. ती आली ती एकाच बोलीवर: आठ दिस. एक कापडी पिशवी घेऊन आली आणि ती तिने दारामागच्या खुंटीला टांगली. रिकामी केली नाही. रोज एक लुगडं काढायचं, दुसरं धुऊन वाळवून, घडी घालून पुन्हा पिशवीत. आठ दिवसांचा पावसाळा झाला, पावसाळा संपत आला, पण पिशवी खुंटीलाच. रात्री येणारा पाहुणा कसा चपला दाराकडे तोंड करून काढतो, तसं तिचं सगळं होतं.

आणि ती जेवेना. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं ताक. "हितं कारखान्यांच्या वासानंच प्वाट भरतंय," म्हणायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. इतकी हलकी झाली, की घरात पंखा लावताना आम्ही तिला खुर्ची घट्ट धरायला सांगायचो. मंदाने पिठलं केलं, हुलग्याचं माडगं केलं, ठेचा केला. आत्ती म्हणायची, "छान झालंय," आणि ताट सरकवायची. जो माणूस स्वयंपाकाला नावं ठेवत नाही तो जेवत नाही, हे मंदाला माझ्यावरून ठाऊक होतं, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

इथे मी एक शब्दही फुगवून सांगत नाही. मलाही भीती वाटत होती. गावी पाठवली तर त्या खोपीत एकटी, आणि इथे ठेवली तर डोळ्यांदेखत उपाशी. दोन्हीकडून ती माझ्या हातून निसटत होती, आणि ती मात्र रोज सकाळी विचारायची, "दत्त्या, तिकीट कवा काडतूस?"

एके दिवशी भिंतीकडे बघत म्हणाली, "पाथरी असती, तर खाल्ली असती अर्दी भाकर."

तिकडे सुगीच्या दिवसांत रानात पाथरी येते. बायका ती कच्चीच खातात. भाकरी, हिरवी मिरची, मीठ, आणि बांधावर बसून मूठभर पाथरी. थोडी कडू, थोडी तुरट, आणि वर गार पाणी प्यायलं की गोड. मी पाथरी शोधायला निघालो. पालघरचा बाजार झाला, कोळगावापर्यंत रस्त्याच्या कडा झाल्या, बोईसर स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या डोंगराकडच्या बाया झाल्या. त्यांच्याकडे कुरडू होती, टाकळा होता, कंटोळी होती. एकीने मला विचारलं, "पाथरी कशी रं असते, दादा?" मी हवेत चित्र काढून दाखवलं. तिने शांतपणे मला मुळा दिला. कारखान्यात मी सगळ्यांना सांगून ठेवलं. आमच्या खात्यातला एक बिहारी सहकारी रात्रपाळीहून परतताना कुठून कुठून पाला उपटून आणायचा आणि विचारायचा, "भैया, ये वाली?" त्या महिन्यात बोईसरमध्ये एवढी साफसफाई झाली, की पुन्हा तशी होणे नाही.

पण पाथरी नाही ती नाहीच.

समुद्रावर आत्तीला मी काही पाथरीसाठी नेलं नव्हतं. मन रमेल म्हणून मंदाने आग्रह केला. साठी ओलांडलेली बाई, जन्मात समुद्र बघितलेला नाही. मला वाटलं, बघून थक्क होईल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, क्षितिजापर्यंत नजर टाकली आणि म्हणाली, "प्याला येतंय का?"

"नाही."

"पिकाला?"

"नाही, आत्ती."

"मग येवडं साठवलंय कशाला?"

तिचा समुद्राशी व्यवहार तिथे संपला. मी स्कूटर सावलीत लावायला वळलो, आणि ती खाली बघत चालायला लागली, जशी रानात चालते. आणि दांड्यांखाली तिला ते पिवळं बटण दिसलं.

तिने पहिलं पान पदराला पुसून तोंडात टाकलं तेव्हा जमनाबाय आणि मी दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती सावकाश चावत होती. डोळे मिटलेले. मग म्हणाली, "आपलीच हाय. पर खारी हाय. मीठ लावूनच ठिवलंय हिला." मग वाळूवरून एक दोरा उचलून दाखवला. पाथरीच्या गड्ड्यातून बारीक वेल निघते, वाळूवर वाकून पुढे जाते, जिथे टेकते तिथे मूळ धरते, तिथून पुन्हा पुढची उडी. "ही आमच्याकडची न्हवं. आमची एका जागी बसती. ही मातूर हिंडतीया."

"ती हिंडते, आन तू बसून हाय," जमनाबाय म्हणाली. "ऊठ आता, माजे बोंबील फिरवायचे हाय."

त्या दिवशी घरी आत्तीने आख्खी भाकरी खाल्ली. मग मंदाला म्हणाली, "पीठ नीट मळत न्हाईस तू." मंदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने, असं तिचं म्हणणं.

मग दर रविवारी तारापूर. आत्ती मागे बसलेली, हातात रिकामी टोपली. जमनाबाय लांबूनच हाक घालायची, "आली बग, बकऱ्यांची भावजय!" आत्ती उत्तर द्यायची, "तू गप, बोंबलाची मावशी!" एवढं झालं की दोघी आपापल्या कामाला. एक वरचे बोंबील फिरवतेय, दुसरी खालची पाथरी खुडतेय, आणि दोघींची तोंडं चालू. माणदेशात सासू कशी छळते आणि किनाऱ्यावर कशी छळते, याचा इतका सखोल तौलनिक अभ्यास दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही.

वाळूला सातबारा नसतो. पण वाडीतल्या प्रत्येक घराच्या दांड्यांची जागा ठरलेली असते. सासूच्या जागी सून बांबू रोवते. हातभर इकडचा तिकडे झाला तर भाऊभाऊ बोलेनासे होतात. जमनाबायची जागा अशी, की समुद्राचा वारा थेट येतो आणि बोंबील लवकर वाळतो. पाथरीही नेमकी तिथेच दाट होती. वाडीत इतरत्र अशी तुरळक, नावाला.

आत्तीने मध्ये एक उद्योग करून बघितला. रंगाच्या रिकाम्या बादलीत पाथरीचा गड्डा आणून लावला. उमरोळीहून मला काळी माती आणायला लावली, शेणखत आणायला लावलं. रोज पाणी. बाळंतिणीचं करतात तसं सगळं केलं. पाथरी चार दिवस टरारली आणि मग मुळाशी कुजून गेली. जमनाबायला कळलं तेव्हा ती वाळूत बसून हसली. "गोडं पाणी पाजलंस? खत घातलंस? मंग मरल नाय तर काय! हिचे कोण लाड करतं?"

आत्तीने घरी येऊन ती बादली धुतली आणि उपडी घालून ठेवली.

तोपर्यंत आमच्या इमारतीत एक चमत्कार सुरू झाला होता. रविवारी आम्ही परतलो की जिन्याखालची मांजर आत्तीच्या मागे लागायची. मग तिची भावंडं आली. मग शेजारच्या इमारतीतली आली. आत्ती पाथरी निवडायला गॅलरीत बसली की बोईसरातल्या यच्चयावत मांजरी खाली सभा भरल्यासारख्या बसायच्या आणि वर बघायच्या. "मुकी जनावरं, पर माया लावत्यात," आत्ती म्हणायची. मंदाने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि एक पान माझ्या नाकाशी धरलं.

बोंबील. ताजा बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. दांडीवर चढवला की दिवसभर ठिबकतो. आणि ते सगळं खाली, पाथरीवर. आत्तीच्या पाथरीला मीठ लावून ठेवणारा देव दांडीवर उलटा लटकत होता.

मी मंदाला म्हणालो, धू. तीन पाण्यांनी धू. आणि तोंडातून अवाक्षर काढू नको. ती माळकरी बाई. तिला कळलं तर ती पिशवी खुंटीवरून निघालीच म्हणून समज. आम्ही दोघं घरात चोरासारखे वावरायला लागलो. मी मांजरींना दूध पाजून लांब नेत होतो. माझ्या पगाराला लागलेली ती सगळ्यात मोठी गळती.

पण जमनाबायच्या तोंडाला झाकण कोण घालणार? पुढच्या रविवारी आत्ती खुडता खुडता म्हणाली, "तिकडं पलीकडं बगितली मी पाथरी. तिला ही चव न्हाई."

"कशी असल?" जमनाबाय वरून म्हणाली. "हिच्यावर माज्या बोंबलाचं पाणी गळतंय!"

वारा होता, समुद्र होता, पण मला दुसरं काही ऐकू आलं नाही. आत्तीचा हात होता तिथे थांबला. तिने वर बघितलं. एक थेंब नेमका त्याच वेळी तिच्या मनगटावर पडला. तिने तो बघितला, वाळूला पुसला. टोपली उपडी केली. उठली आणि चालायला लागली. जमनाबाय मागून, "अगो, गमतीनं बोलली मी... अगो आत्ते..." करत राहिली. तिचा तो आवाज, होड्या परत आणणारा, त्या दिवशी पुढे सरकेना.

घरी आल्यावर आत्तीने चूळ भरली, अंघोळ केली, देवासमोर बसली. मंदाने भाकरी वाढली. ती म्हणाली, "छान झालीया," आणि ताट सरकवलं.

मला ते "छान" ऐकून धडकी भरली. दुसऱ्या दिवशी ताक. तिसऱ्या दिवशी तेही नाही. मग एका सकाळी पिशवी खुंटीवरून खाली आली आणि दाराशी उभी राहिली.

"दत्त्या, काड तिकीट."

मी तोंड उघडलं. आयुष्यात मला थाप सुचली नाही असे फार थोडे प्रसंग आहेत. त्यांतला हा सगळ्यात वाईट. मी म्हणालो, "बरं." रविवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी सकाळी आत्ती मंदाला म्हणाली, "त्या बयेला न सांगता कसं जायाचं? तोंडाळ हाय, पर माणूस हाय." स्कूटरवर ती पिशवीही बरोबर घेऊन बसली. जणू गाडी तारापूरच्या समुद्रातूनच सुटणार होती.

किनाऱ्यावर पोचलो तर जमनाबायच्या जागेवर दांड्या नाहीत.

मग दिसल्या. सगळे बांबू उपटून तिने आपल्या दाराला टेकवून रोवले होते. अंगण संपलं होतं. उंबऱ्यासमोरच बोंबलांचे पडदे लोंबत होते. घरात जायचं तर त्यांच्याखालून वाकून जावं लागत होतं. जमनाबायची सून कमरेत वाकून बाहेर येत होती आणि तोंडाने जे बोलत होती ते मी इथे लिहीत नाही. भिंतीच्या आडोशाला वारा नव्हता, बोंबील पिवळट पडले होते. आणि जुन्या जागी मोकळी वाळू. तिच्यावर रात्रीतून धुऊन काढल्यासारखी पाथरी. सकाळची वेळ, सगळी फुलं उघडी.

आत्ती बघत उभी राहिली. बांबूंच्या खड्ड्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"हे का ग केलंस?" तिने विचारलं.

"वारा फिरला," जमनाबाय म्हणाली. तिने आमच्याकडे पाठ केली आणि दारातले बोंबील फिरवायला लागली. "वारा फिरला की हलवायला लागतान. तुला नाय कळायचं, घाटीण."

वारा जिथून येत होता, तिथूनच येत होता. आत्तीचा पदर सारखा डोक्यावरून उडत होता.

आत्तीने पिशवी वाळूवर ठेवली. पाथरीशी उकिडवी बसली, एक पान खुडलं, नाकाशी नेलं, वास घेतला, तोंडात टाकलं. चावताना तिचा चेहरा मला दिसत नव्हता. दुसरं पान खुडलं. मग तिसरं. टोपली आणलेली नव्हती, तेव्हा तिने पिशवीचा बंद सोडला, वरची लुगडी बाहेर काढून माझ्या हातात दिली आणि पाथरी पिशवीत टाकायला लागली. मी दोन लुगडी छातीशी धरून, खिशात तिकीट घेऊन, पुतळ्यासारखा उभा.

"दत्त्या, असा बगू नगंस," ती खाली मान घालूनच म्हणाली. "ऱ्हात न्हाई मी. भरात हाय म्हणून खुडती. एवडी फुलं सरली की लगीच जाती."

जमनाबायने एक बोंबील उलटा केला.

"सरत नाय ती," ती म्हणाली. "बारा मयने असतात."